शँक्रॉइड की सिफिलिस? आणि रिपोर्टची वाट पाहायची की आजच औषध घ्यायचं?

गुप्तांगावर जखम दिसली की बरेच जण आधी मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणतात. तो पर्याय मी या तुलनेत धरतच नाही. शँक्रॉइड आणि सिफिलिस हे दोन्ही संबंधातून पसरणारे आजार जंतूंमुळे होतात आणि मलमाने एकही जात नाही.

शँक्रॉइडची जखम संबंधानंतर साधारण ४ ते १० दिवसांत येते. ती चांगलीच दुखते. कडा वेड्यावाकड्या, तळ मऊ आणि पुवाळलेला, हात लागला की रक्त. जवळपास निम्म्या रुग्णांच्या जांघेत दुखरं अवधाण (सुजलेली गाठ) येतं, ते पिकून फुटतंही. सिफिलिसची जखम सरासरी ३ आठवड्यांनी येते, कधी ९० दिवसांनीही. ती बहुधा एकच, टणक, स्वच्छ आणि न दुखणारी असते. औषध न घेताही ३ ते ६ आठवड्यांत भरते, पण जंतू शरीरातच राहतात आणि पुढे मेंदू, हृदय, पोटातलं बाळ कुणालाही गाठू शकतात. म्हणून मला न दुखणाऱ्या जखमेची धास्ती जास्त वाटते.

मात्र नुसतं पाहून खात्री देता येत नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात आणि हर्पिसही (विषाणूमुळे येणारे फोड) असाच फसवतो.

मग तपासणी? शँक्रॉइडचा जंतू वाढवायला खास माध्यम लागतं, ते फार थोड्या लॅबमध्ये असतं, आणि तिथेही जंतू हमखास सापडतोच असं नाही. सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही रक्ततपासणी सोपी आणि स्वस्त, पण जखम नवी असताना ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, म्हणूनच लक्षणांवरून लगेच, मोफत उपचार होतात. तिथे औषधांची रंगांवरून ओळखली जाणारी तयार किटं असतात. हर्पिस वाटत नसेल तर पांढरं किट: बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन आणि अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, दोन्ही एकदाच. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर निळं किट. त्यातली डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही, तेव्हा आधी सांगा.

माझं मत स्पष्ट आहे: रक्त त्याच दिवशी द्या, एचआयव्हीसाठीसुद्धा, पण औषध रिपोर्टसाठी अडवू नका. रिपोर्ट घ्यायला परत न येणारे रुग्ण पुष्कळ असतात आणि तोवर जोडीदारालाही लागण होते.

सुईच्या भीतीने फक्त गोळी मागू नका. अॅझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन शँक्रॉइडला पुरतं. सिफिलिसला मात्र पेनिसिलिनच भरवशाचं. अॅझिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू आता आढळतात.

शँक्रॉइड असेल तर औषधानंतर ३ दिवसांत दुखणं कमी होतं, आठवड्यात जखम आकसू लागते. तसं झालं नाही तर पुन्हा दाखवा: निदान चुकलं असेल, सोबत दुसरा आजार असेल किंवा एचआयव्ही असेल. अवधाण उतरायला जास्त वेळ लागतो. मोठं असेल तर डॉक्टर सुईने पू काढतात, घरी दाबू नये. जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा आणि जोडीदाराला लक्षणं नसली तरी सोबत घेऊन जा.