ई-रीडरवर नऊ महिने सायफाय: "तुझं किती टक्के झालंय?"

ई-रीडर फेब्रुवारीत घेतला, आता नऊ महिने झाले. सहा इंची, ई-इंकवाला (म्हणजे कागदावर छापल्यासारखा दिसणारा स्क्रीन), आतून लाइट असलेला. ब्रँड लिहीत नाही, ब्रँडवरून उगाच भांडणं लागतात आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्या सहा इंचींना लागू आहे. मी ठाण्याहून रोज लोकलने जाते आणि वाचते फक्त फँटसी आणि सायफाय, तेव्हा चरित्रं-कवितावाल्यांनी हे आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

घेतला 'व्हील ऑफ टाइम' या फँटसी मालिकेमुळे. चौदा भाग, एकेक भाग म्हणजे वीट, आणि लेडीज डब्यात एका हाताने कडी पकडून दुसऱ्या हातात वीट धरून बघा म्हणजे कळेल. त्यात मधल्या काही भागांत कथा जागची हलत नाही (फॅन लोक पण हे कबूल करतात, दबक्या आवाजात), तेव्हा हातात जाड पुस्तक असलं की अजून किती उरलंय ते दिसतं आणि जीव जातो. इथे जाडी दिसतच नाही. नुसती टॅप टॅप करत गेले आणि सुटले. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले, शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने त्यांच्या नोट्सवरून पूर्ण केले, शेवटचा 2013 चा. तिथे वेग वाढतो हे मला अंगठ्यावरून कळलं.

आता खरी गंमत. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, कॉलेजपासूनचा, रविवारी रात्री नऊला कॉल. एकजण पुण्यात, कागदाशिवाय काही चालत नाही. एक मैत्रीण डब्लिनला, ती ऐकते, वाचत नाही. बाकी आम्ही तिघं डबेवाले (ई-रीडरला आम्ही डबा म्हणतो). पहिल्याच रविवारी फ्रँक हर्बर्टची सायफाय कादंबरी 'ड्यून' घेतली आणि स्पॉयलर टाळायला कोण कुठवर आलंय ते विचारलं तर एकजण म्हणतो पान 212, दुसरी म्हणते सात तास झाले, मी म्हणते 34 टक्के. बरं, प्रकरण नंबरवर बोलावं तर 'ड्यून'च्या प्रकरणांना नंबरच नाहीत! प्रत्येक प्रकरण कुठल्यातरी काल्पनिक ग्रंथातल्या उताऱ्याने सुरू होतं, बहुतेक वेळा राजकन्या इरुलानच्या. शेवटी आम्ही "तू कुठल्या इरुलानला आहेस" असं विचारायला लागलो. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी मालिकेला तर बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, तिथे आम्ही हात टेकले.

आणि टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. 'ड्यून'च्या मागे परिशिष्टं आणि शब्दांची यादी आहे, टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवटचा भाग 'रिटर्न ऑफ द किंग', त्याच्यामागे तर परिशिष्टांचा डोंगर, त्यामुळे बरेच टक्के शिल्लक असताना गोष्ट धाडकन संपते. मी अजून काहीतरी होईल म्हणून चहा घेऊन निवांत बसले होते आणि पुढे वंशावळ्या सुरू झाल्या. चहा फुकट.

नकाशे हा दुसरा राग. फँटसीत नकाशा म्हणजे अर्धं पुस्तक, आणि इथे टोल्किनच्या मिडल-अर्थचा नकाशा काजूकतलीएवढा दिसतो, मोठा करायला गेलं की स्क्रीन झटके देत बदलतो आणि आपण कुठेतरी भलत्याच डोंगरात. मी मोबाइलवर नकाशा उघडून ठेवते, म्हणजे डबा घेऊनही हातात दोन वस्तू आल्याच.

डिक्शनरी मात्र झकास, म्हणजे उर्सुला ल ग्विनच्या 'लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या सायफाय कादंबरीत 'शिफग्रेथर'वर बोट ठेवलं तर काहीच येत नाही, तेव्हा कळतं की बाईंनी घडवलेला शब्द आहे, पुढे वाचत राहायचं. पण जीन वुल्फचं 'शॅडो ऑफ द टॉर्चरर' घेतलं तेव्हा उलटं झालं. मला वाटलं हे सगळे शब्द बनवलेले असणार, आणि 'डेस्ट्रिअर', 'कार्निफेक्स' धडाधड सापडायला लागले. लढाईचा घोडा, जल्लाद. वुल्फ जुने अडगळीतले खरे शब्द वापरतो. कागदावर वाचलं असतं तर मी आळसाने सोडून दिले असते, नक्की.

मराठी? हं. 20 मे 2025 ला खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत विष्णू नारळीकर सर गेले, तेव्हा आम्ही हातातलं पुस्तक बाजूला ठेवून महिनाभर त्यांच्याच कथा वाचल्या. 1974 ला 'कृष्णविवर' त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, नावाचा दबाव नको म्हणून, आणि बक्षीस पण मिळालं. 'गंगाधरपंतांचे पानिपत'वर (पानिपतात विश्वासराव वाचले असते तर, ही कल्पना) तर कॉल रात्री एकपर्यंत चालला, पुणेकर ऐकेचना की विश्वासराव वाचले असते तरी पुढे आपण आपापसात भांडलोच असतो. पण डब्यावर मराठी वाचायला संयम लागतो. माझ्या डब्यात ल आणि श हिंदी वळणाचे येतात, सवय होते पण आवडत नाही. एका ई-बुकात 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असले शब्द फुटून आले होते, र वेगळा, य वेगळा, मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ. मराठी डिक्शनरी नाही, देवनागरी कीबोर्ड पण नाही, त्यामुळे नोट्स काढायच्या तर रोमनमध्ये, ज्या नंतर मलाच वाचता येत नाहीत. जुन्या दिवाळी अंकाची स्कॅन केलेली पीडीएफ टाकून बघितली, मुंगीची अक्षरं, आडवा धरून पण भागलं नाही. पीडीएफसाठी घेत असाल तर घेऊच नका, मोठा घ्या.

जूनमध्ये एकदा हँग झाला. ई-इंकला चित्र धरून ठेवायला वीज लागतच नाही, पान बदलतानाच काय ती लागते, त्यामुळे हँग झालेला डबा पण अगदी ठणठणीत दिसतो. मी ल ग्विनबाईंचं एकच पान तीनदा वाचलं, वाटलं खोल काहीतरी आहे, आपल्याच डोक्यात शिरत नाहीये, मग लक्षात आलं की पान पुढे जातच नाहीये. पॉवर बटण बराच वेळ दाबून धरलं, सुरू झाला.

बॅटरीबद्दल मी आता फार काही सांगू शकत नाही कारण डबा माझ्याकडे नाहीये. आमचे काका, भयकथाकार नारायण धारपांच्या समर्थ या पात्राचे भक्त, इतके दिवस म्हणायचे की डब्यातलं भूत घाबरवत नाही. दिवाळीत त्यांना अक्षर मोठं करून दाखवलं, तर "दोन दिवस बघतो गं" म्हणून घेऊन गेले. काल चार्जर पाठवू का म्हणून फोन केला तर म्हणाले, कशाला, अजून अर्धी आहे.