४०,००० मागितले, ४०,००० आले, आणि २,२७,६०० रुपये गेले

दिले २,३०,००० रुपये. हातात आलं २,४०० रुपयांचं बिटकॉइन. विकणारा पैसे घेऊन पळाला असता तर निदान सांगायला सोपं गेलं असतं. इथे त्याने नाणी पाठवली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेला आकडा. फक्त एकक बदललं. म्हणून ज्याला सांगावं तो विचारतो, "मग फसवणूक कुठे झाली?"

फसवणूक कुठे झाली ते आकड्यांत सांगते.

एक बिटकॉइन म्हणजे १० कोटी सतोशी. एक मिलिबिटकॉइन म्हणजे १ लाख सतोशी. एक बिट म्हणजे १०० सतोशी. बिट आणि सतोशीचं नातं रुपया-पैशाचं आहे, आणि 'बिट' हे नाव कुणी मनाने काढलेलं नाही. २०१७ मध्ये बीआयपी-१७६ या बिटकॉइन सुधारणा प्रस्तावात ते रीतसर मांडलं गेलं. व्यवहाराच्या दिवशी बिटकॉइनचा भाव ६० लाख रुपये होता. म्हणजे मिलिबिटकॉइन ६,००० रुपयांना, बिट ६ रुपयांना आणि सतोशी ६ पैशांना.

टेलिग्रामवरच्या विकणाऱ्याने भाव दिला बिटला ५ रुपये ७५ पैसे. बाजारापेक्षा पंचवीस पैसे कमी, साधारण चार टक्के सूट. रोकड हवी असलेला माणूस एवढी सूट देतो, त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. सौदा ४०,००० बिटचा ठरला. ०.०४ बिटकॉइन, बाजारभावाने २,४०,००० रुपयांचा माल, २,३०,००० रुपयांत. पाठवले त्याने ४०,००० सतोशी, म्हणजे ०.०००४ बिटकॉइन. ठरले होते रुपये, हातावर ठेवले पैसे.

एका बिटमध्ये १०० सतोशी असतात हे मला माहीत नव्हतं, असं कृपया कुणी समजू नये. ते मला आधीपासून पाठ होतं. मी चाचणी व्यवहारही मागितला होता. सगळी रक्कम एकदम पाठवू नका, आधी थोडी पाठवून बघा, असं सगळेच सांगतात, आणि मी तेच केलं. पण चाचणीत काय तपासायचं हे कुणी सांगत नाही. मी आकडा तपासला. एकक तपासलं नाही.

आणि नेमकं त्या चाचणीतच सगळं उघडं पडलं होतं. हेच मला आजही सहन होत नाही.

मी म्हटलं, आधी १०० बिट पाठवा. त्याचं उत्तर आलं: "ताई, १०० जात नाहीत. नेटवर्क घेत नाही एवढी छोटी रक्कम. कमीत कमी १,००० तरी करू." मला ते पटलं, कारण अर्धं खरं होतं. बिटकॉइनमध्ये फार छोट्या रकमेला डस्ट म्हणतात, धूळ. बीसी१क्यूने सुरू होणाऱ्या पत्त्यावर २९४ सतोशींपेक्षा कमी आणि १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावर ५४६ सतोशींपेक्षा कमी रक्कम पाठवायला गेलात, तर बहुतेक नोड, म्हणजे नेटवर्क चालवणारे संगणक, तो व्यवहार पुढे सरकवतच नाहीत. पण ही मर्यादा सतोशींत आहे! १०० बिट म्हणजे १०,००० सतोशी. ते कुठेही अडत नाहीत. अडतात ते १०० सतोशी. "१०० जात नाहीत" हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं तेव्हाच त्याने कबूल केलं होतं की तो बिट पाठवतच नाहीये. दोन सेकंद थांबून १०० ला १०० ने गुणलं असतं तर २,३०,००० रुपये वाचले असते. मी "ठीक आहे, १,००० करा" असं लिहिलं आणि ५,७५० रुपये यूपीआयने पाठवले. बदल्यात आले १,००० सतोशी, ६० रुपयांचे.

दुसरी खूण फीची. ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे कुठलाही व्यवहार कुणालाही बघता येतो अशा वेबसाइटवर, तो चाचणी व्यवहार मी उघडून पाहिला होता. पुष्टी झाली का एवढंच बघितलं आणि बंद केला. त्याच पानावर खाली फी लिहिलेली होती. साधा व्यवहार, एक इनपुट, दोन आउटपुट, आकार १४१ व्हीबाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक), दर ८ सतोशी प्रति व्हीबाइट. फी १,१२८ सतोशी. १,००० सतोशी पाठवायला १,१२८ सतोशी फी! फी रकमेवर नाही, व्यवहाराच्या आकारावर आणि दरावर लागते. चाचणीत आणि मुख्य व्यवहारात हे दोन्ही सारखेच होते, म्हणून ती दोन्ही वेळा तेवढीच पडली. खरोखर १,००० बिट असते, तर १ लाख सतोशींवर १,१२८ म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. फी आणि रक्कम शेजारी शेजारी ठेवून बघा, एकक लपवताच येत नाही. अ‍ॅपमध्ये काहीही दिसो, एक्सप्लोररवरची फी विकणाऱ्याला लपवता येत नाही.

उरलेल्या ३९,००० बिटचे २,२४,२५० रुपये आयएमपीएसने गेले, कारण यूपीआयला दिवसाची मर्यादा आड येत होती. टेलिग्रामवरचं नाव एक, खात्यावरचं नाव दुसरं. "भावाचं खातं आहे." दुसऱ्याच्या नावाच्या खात्यात क्रिप्टोचे पैसे पाठवू नका. कारण कोणतंही असो. तिथेच व्यवहार सोडा.

आता अ‍ॅपबद्दल, कारण "तुला स्क्रीनवर दिसलं नाही का?" हे मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे. वॉलेट त्यानेच सुचवलं होतं. अ‍ॅप खोटं नव्हतं. पण त्यात शिल्लक नव्या पद्धतीने दिसायची: बिटकॉइनचं चिन्ह आणि पुढे पूर्ण संख्या, दशांश नाही, एककाचं नाव नाही. २०२५ मध्ये बीआयपी-१७७ हा प्रस्ताव आला, की सर्वांत लहान एककालाच 'बिटकॉइन' म्हणावं आणि दशांश काढून टाकावेत. काही वॉलेट तसं दाखवतात. माझ्या स्क्रीनवर ते बी-सारखं चिन्ह आणि पुढे ४०,००० दिसलं. बी म्हणजे बिट, असं मी धरलं. सौदा ४०,०००चा, दिसले ४०,०००. यात माझा निष्काळजीपणा किती आणि त्या मांडणीचा दोष किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते, पैशाच्या आकड्यापुढे एककाचं नाव न लिहिणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

रुपयांतली किंमत दाखवणारी ओळ मात्र मी बंद केली होती. त्याच्या सांगण्यावरून. "भारतातला भाव अ‍ॅपला चुकीचा येतो, उगाच गोंधळ होतो, सेटिंगमधून काढून टाका." ती ओळ चालू असती तर ४०,०००च्या खाली २,४०० रुपये दिसले असते. वॉलेटमधली कुठलीही ओळ बंद करायला कुणी सांगितलं, तर त्या ओळीत काय आहे ते आधी वाचा.

चार दिवसांनी रक्कम दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवायला गेले. तिथे, पाठवण्याआधीच, दिसलं ०.०००४००००. मी तीन वेळा शून्यं मोजली.

दशांशानंतरची ही आठ घरं वाचायची रीत प्रत्येकाने शिकून घ्या. दशांश चिन्ह पुसा आणि उरलेला आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचा, तेवढे सतोशी. ०.०००४०००० चे होतात ४०,०००. ०.०४०००००० चे होतात ४०,००,०००, चाळीस लाख. दुसरी रीत: आठ घरं तीन-तीन-दोन अशी तोडा. पहिली तीन मिलिबिटकॉइन, पुढची तीन बिट, शेवटची दोन सतोशी. माझे ०००, ४००, ००. म्हणजे ४०० बिट. चाळीस हजार नाही, चारशे. सौद्याची बोलणी लेखी करताना तीन गोष्टी एकाच ओळीत लिहून घ्या: आठ घरांपर्यंत बिटकॉइन, सतोशी आणि रुपये. तीनपैकी एक लिहायला टाळाटाळ झाली, की समजा.

तक्रारीचं पुढचं सगळं चीड आणणारं आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी. मला चार दिवसांनी कळलं, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. बँकेने सांगितलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात." हो, मीच टाकला. म्हणून घेणाऱ्या खात्याची चौकशी करायची नाही? बारा आकडी संदर्भ क्रमांक दोन्ही व्यवहारांचे दिले, अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का नाही. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "मॅडम, कॉइन आले ना तुमच्याकडे?" दुसरं वाक्य: "हे क्रिप्टो बेकायदाच असतं, तुमच्यावरच येईल." बेकायदा नाही! रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून सरकार यावरच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस लागतो. कर घ्यायला चालतं आणि तक्रार घ्यायला चालत नाही? तिसरं वाक्य: "हद्द आमची नाही." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि नकार दिला तर तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हे मी घरी वाचून गेले होते म्हणून दुसऱ्या दिवशी अर्ज तरी घेतला. तो घेताना सतोशी म्हणजे काय हे मी चार वेगवेगळ्या टेबलांवर समजावलं. प्रत्येक टेबलावर पुन्हा पहिल्यापासून. एकाने मोबाइलवर ४०,००० बघितलं आणि म्हणाला, "दिसतायत की." १०० बिटचं आणि डस्टचं बोलणं मी छापून नेलं होतं. तोच फसवण्याच्या इराद्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. कुणी वाचलं नाही.

टीडीएसवरून आठवलं. थेट विकणाऱ्याकडून केलेल्या अशा खरेदीत १ टक्का टीडीएस कापायची जबाबदारी खरेदी करणाऱ्याची असते. माझ्या सौद्यात २,३०० रुपये. त्यासाठी विकणाऱ्याचा पॅन लागतो. पॅन मागा. फसवणारा तिथेच गायब होतो. मी मागितला नाही. "छोट्या व्यवहाराला लागत नाही" हे त्याचं म्हणणं मी मान्य केलं, आणि माझ्या रकमेला ते लागूच नव्हतं.

हीच चाल दुसऱ्या चलनांतही चालते. इथर हे इथेरियम नेटवर्कचं चलन. त्यात एक ग्वेई म्हणजे इथरचा शंभर कोटीवा भाग. साधं इथर पाठवायला २१,००० गॅस लागतो; गॅस म्हणजे नेटवर्कचं काम मोजायचं एकक, आणि फी त्यावर लागते. दर ५० ग्वेई धरला तर १०,५०,००० ग्वेई, म्हणजे ०.००१०५ इथर. कुणी "गॅस ५० आहे, म्हणून पैसे सोडवायला ०.०५ इथर भरा" म्हणाला, तर तो जवळपास अठ्ठेचाळीस पट मागतोय. ट्रॉन आणि इथेरियम या नेटवर्कवर यूएसडीटीला (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) सहा दशांश घरं असतात, त्यामुळे व्यवहाराच्या कच्च्या नोंदीत ५ कोटी असा आकडा दिसला तर ते फक्त ५० यूएसडीटी असतात. बीएनबी चेन या तिसऱ्या नेटवर्कवर हीच घरं अठरा आहेत. कच्च्या नोंदीचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कुणी दाखवला तर मानू नका. एक्सप्लोरर स्वतः उघडा.

ते ४०,००० सतोशी मी हलवलेले नाहीत. पत्त्यावर जसेच्या तसे ठेवलेत, तुम्हीही ठेवा. हलवले तर फी जाते आणि आलेल्या रकमेचा हिशोब दाखवणं अवघड होतं. टेलिग्रामवरचं बोलणं आधी एक्सपोर्ट करा, मग तक्रारीचं नाव काढा. समोरचा दोन्ही बाजूंचं बोलणं पुसू शकतो. माझं अर्धं त्याने पुसलं. डस्टवालं वाचलं ते स्क्रीनशॉट होता म्हणून.

माझ्या तक्रारीच्या नोंदीत सध्या लिहिलेलं आहे: "अर्जदारास ४०,००० बिटकॉइन प्राप्त झाले." त्या दिवशीच्या भावाने ते २४,००० कोटी रुपये होतात. दुरुस्तीचा अर्ज तीनदा दिला. तिसऱ्या अर्जात सतोशी हा शब्दच वापरला नाही. "२,३०,००० रुपये दिले, २,४०० रुपयांची वस्तू मिळाली, २,४०,००० रुपयांची ठरली होती" एवढंच लिहिलं, आणि पोच घेतली.