पंचवटी ते पाथर्डी फाटा: पॅकर्स-मूव्हर्सच्या सेवेचा सहा महिन्यांनंतरचा अनुभव

घरसामान हलवून देणाऱ्या संस्थांविषयी लोक लिहितात ते बहुधा गाडी रिकामी होऊन गेली त्या संध्याकाळी. त्या वेळी माणूस दमलेला असतो, कपबशा शाबूत निघाल्याच्या आनंदात असतो आणि पाच तारे देऊन मोकळा होतो. मीही त्या संध्याकाळी लिहिले असते तर तसेच लिहिले असते. आमचे सामान 24 नोव्हेंबरला हलले आणि मी हे मे महिन्याच्या मध्यावर लिहीत आहे. या काळात काही गोष्टी अशा उघड झाल्या की ज्यांचा त्या संध्याकाळी पत्ताही नव्हता. संस्थेचे नाव देत नाही, कारण माझ्या तक्रारीचा अर्धा भाग अजून मिटलेला नाही.

आधी घर कोणते होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण खर्च आणि अडचणी त्यावरच ठरतात. आम्ही नाशिकच्या पंचवटीत, कारंजा चौकापासून आत जाणाऱ्या एका बोळात, जुन्या दुमजली घरात एकतीस वर्षे राहत होतो. जिना लाकडी आणि अरुंद, बोळ इतका चिंचोळा की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागे जावे लागे. नवे घर पाथर्डी फाट्याजवळ, सहाव्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले. अंतर जेमतेम दहा किलोमीटरचे, त्यामुळे यजमानांचा आग्रह होता की ओळखीचा टेम्पो आणि चार हमाल पुरेसे आहेत. सासूबाईंचे सागवानी कपाट, त्यांचा तांब्याचा बंब, घंगाळे, पितळेची भांडी आणि माझी पुस्तके डोळ्यांपुढे आली आणि मी ऐकले नाही.

तीन ठिकाणी भाव विचारला. पहिल्याने फोनवरच वस्तू विचारून साडेअकरा हजार सांगितले. दुसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण मागवून एकोणीस हजार. तिसऱ्या संस्थेचा माणूस प्रत्यक्ष घरी आला, त्याने माळ्यावर चढून पाहिले, जिन्याच्या वळणाला टेप लावला, बोळाच्या तोंडाशी जाऊन पावलांनी रुंदी मोजली आणि सोळा हजार अधिक 18 टक्के जीएसटी असा भाव लेखी दिला. चौदा फुटी आयशर गाडी बोळात येणार नाही, ती कारंजापाशी उभी करावी लागेल आणि तिथपर्यंत छोटा हत्ती टेम्पो फेऱ्या मारील, त्याचे दीड हजार वेगळे, हेही त्याने त्याच कागदावर लिहिले. त्या शेवटच्या वाक्यामुळे आम्ही त्यांची निवड केली. फोनवर भाव देणाऱ्याला हा बोळ सामान हलवण्याच्या दिवशी दिसला असता आणि अर्धे सामान रस्त्यावर असताना त्याने जे मागितले असते ते आम्हाला द्यावे लागले असते.

बोलणी चालू असताना दोन जादा आकार (शुल्के) कमी झाले. एक ‘ई-वे बिल शुल्क’ म्हणून, म्हणजे माल रस्त्याने नेताना जीएसटीसाठी काढायच्या ऑनलाइन दाखल्यापोटी, लावलेले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, नियमांतच तशी सूट आहे, असे म्हटल्यावर तो आकार मुकाट्याने खोडला गेला. दुसरा ‘विमा’ या नावाखाली सामानाच्या सांगितलेल्या किमतीवर तीन टक्के होता. कोणत्या विमा कंपनीची पॉलिसी मिळेल असे विचारता उत्तर आले की पॉलिसी नाही, आमचीच हमी आहे. विमा हा विमा कंपनीच देऊ शकते, वाहतूकदार देतो तो केवळ त्याचा शब्द असतो. हा शब्द कोणत्या अटींवर, ते छापील कागदाच्या मागे बारीक अक्षरांत होते, आणि त्या अटींमधील एक अट मी तेव्हा वाचूनही सोडून दिली: तक्रार सात दिवसांच्या आत करावी.

बांधाबांधीविषयी मात्र मी मनापासून चांगले लिहीन. सकाळी साडेआठला पाच जण आले, त्यांपैकी चौघे हिंदी बोलणारे आणि मुकादम सिन्नरकडचा. स्वयंपाकघरातली दोन माणसे पाहण्यासारखी होती. काचेच्या ताटल्या आडव्या न रचता उभ्या ठेवल्या, प्रत्येकीला कोऱ्या कागदाचा वेढा, खोक्याच्या तळाशी आणि वर चुरगळलेल्या कागदाचा थर. खोके हलवून आत काही खुळखुळत नाही ना हे कान लावून ऐकायचे आणि मगच पट्टी मारायची. वर्तमानपत्र का वापरत नाही असे विचारले तेव्हा शाई भांड्यांना लागते असे उत्तर मिळाले. पुस्तके त्यांनी मुद्दाम लहान खोक्यांत भरली, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले तर ते उचलणाऱ्याची कंबर आणि खोक्याचा तळ दोन्ही जातात. काचसामानाला पाच पदरी खोकी होती, कपड्यांना तीन पदरी. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच राहील अशा रीतीने दोरीने बांधली. गॅसचे भरलेले सिलिंडर न्यायला मुकादमाने साफ नकार दिला. मला तेव्हा ते अडवणुकीचे वाटले होते, पण बंद गाडीत सामानाबरोबर सिलिंडर नेणे धोक्याचे आहे आणि नकार योग्यच होता.

सासूबाई खुर्ची टाकून दारात बसल्या होत्या. बंब उचलताना एकाने तो तोटीला धरला तशा त्या ताडकन उठल्या. “अरे दादा, बाळाला कानाला धरून उचलतात का?” मुकादमाने हसून त्याला हिंदीत समजावले आणि पुढे बंब दोघांनी मिठीत घेऊन जिना उतरवला. घंगाळे, हंडे आणि परात मात्र बबल रॅपमध्ये गच्च गुंडाळली गेली आणि त्यावर प्लॅस्टिकची ताणपट्टी फिरवली गेली. नव्या घरात जागा होईपर्यंत ती तशीच राहिली. मार्चमध्ये सोडवली तेव्हा आत कोंडलेल्या दमटपणामुळे पितळेवर काळपट आणि तांब्यावर हिरवट डाग पडलेले होते. चिंच, मीठ आणि दोन दुपारी खर्चून ते गेले. जिच्या माहेरी भांडी बाजारातून पारखून आणलेली भांडी चकचकीत ठेवण्याचा दंडक होता, त्या बाईला ते दाखवताना मला शरम वाटली. धातूच्या भांड्यांना आधी सुती कापड आणि मग प्लॅस्टिक असे त्या दिवशी सांगायला हवे होते.

प्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. छोट्या हत्तीच्या सहा फेऱ्या झाल्या, दुपारी दोनला आयशर निघाली आणि द्वारका चौकाच्या गर्दीत अर्धा तास अडकून पाथर्डी फाट्याला पोहोचली. सोसायटीने लिफ्टला प्लायवूड लावल्याशिवाय सामान चढवू दिले नाही आणि सायंकाळी सहानंतर परवानगी नव्हती. ही वेळ मी आधी विचारून ठेवली होती म्हणून निभावले.

चूक झाली ती शेवटच्या पाऊण तासात. “मॅडम, यादीवर सही करा, गाडीला अजून एक भाडे आहे,” असे मुकादम म्हणाला आणि मी सही केली. यादीत 46 खोकी आणि 25 सुटे नग, एकूण 71, असे होते आणि मोजदाद बरोबर भरली. पण खोक्यांपुढे आत काय आहे याचा उल्लेख नव्हता आणि सुट्या नगांपैकी जवळजवळ प्रत्येकापुढे ‘जुने, ओरखडे’ असा शेरा मारलेला होता, सागवानी कपाटापुढेही. त्या कपाटावर आदल्या दिवशीपर्यंत चेहरा दिसत होता. असा सरसकट शेरा म्हणजे पुढच्या प्रत्येक तक्रारीचे आधीच लिहून ठेवलेले उत्तर आहे, हे मला जानेवारीत उमगले.

आता सहा महिन्यांत काय काय बाहेर आले ते.

सर्वांत आधी कपडे धुण्याचे यंत्र. ते समोरून उघडणारे आहे. अशा यंत्राचा पिंप आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो आणि वाहतुकीत तो आपटू नये म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून घट्ट करायचा असतो. नवे यंत्र येते तेव्हा ते बोल्ट काढून आपल्याच हाती देतात. आमचे बोल्ट खिळ्यांच्या डब्यात सहा वर्षे पडून होते. यंत्र बोल्टांविना गेले आणि डिसेंबरपासून पिळताना धडधडू लागले. दुरुस्तीला 2,600 रुपये लागले. यात निम्मा दोष माझा मानते, पण हाच व्यवसाय करणाऱ्याने “बोल्ट आहेत का?” एवढे विचारायला हवे होते.

पलंग खोलताना त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्या फळीलाच चिकटवलेली होती. ही पद्धत उत्तम. पण पलंग लाकडाच्या भुश्यापासून दाबून केलेल्या फळीचा आहे आणि अशा फळीत एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा पकड घेत नाही. त्यांच्या माणसाने यंत्राने जोर लावून ते बसवले, दोन महिन्यांत ते ढिले झाले आणि पलंग करकरू लागला. सुताराने भोकांत लाकडाच्या काड्या व गोंद भरून नव्याने स्क्रू घातले, तेव्हा आवाज थांबला.

एसीची गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे. काढणे आणि बसवणे यांचे 2,400 रुपये वेगळे होते आणि ते रोखीने, पावतीशिवाय, थेट कारागिराला दिले गेले. ही माझी दुसरी चूक. काढताना त्याने काम नीट केले: यंत्र चालू ठेवून आधी बारीक नळीची झडप बंद केली, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होऊ दिला, मग जाड नळीची झडप बंद केली. बसवताना मात्र घाई होती. नळीची तोंडे नव्याने फुलवण्याऐवजी जुनीच वापरली आणि नळ्यांतली हवा व ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून घेण्याऐवजी थोडा गॅस सोडून हवा बाहेर घालवली. पंप त्याच्याजवळ नव्हताच. पाच मिनिटे थंड वारा आला, आम्ही समाधानी झालो. नाशिकची थंडी तोंडावर होती, त्यामुळे एसीला पुन्हा हात लागला तो थेट मार्चच्या अखेरीस, आणि तेव्हा आतून पंख्याचाच वारा येत होता. दुसऱ्या कारागिराने जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे दाखवले, भोवतीचा तेलकट डाग दाखवला आणि म्हणाला, “हे चार महिने हळूहळू चालू आहे.” नव्याने तोंडे फुलवून, पंप लावून, आर-32 गॅस वजन करून भरला, 3,800 रुपये झाले. नोव्हेंबरात बसवलेल्या एसीची परीक्षा उन्हाळ्यातच होणार, मग त्याची तक्रार सात दिवसांत कोणी आणि कशी करावी?

दूरध्वनीवर मला त्या सात दिवसांच्या अटीचेच उत्तर मिळाले. म्हणून कागदपत्रे काढून बसले. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आहे. मालाची हानी झाली तर दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती माल नोंदवल्यापासून 180 दिवसांत द्यावी लागते. मी खबरदारी म्हणून आगाऊ रकमेच्या पावतीची तारीख, म्हणजे 12 नोव्हेंबर धरली, तशी मुदत 11 मेपर्यंत होती. एसीचे प्रकरण मालहानीचे नसून सदोष सेवेचे आहे. त्यासाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. नोटिशीत कपाटाची हानी आणि एसी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडल्या, कारागिरांची टिपणे आणि छायाचित्रे जोडली आणि 20 एप्रिलला पोचपावतीसह पाठवली. त्याआधी 1915 या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवली होती, तिचा क्रमांकही वर लिहिला. रोखीने दिलेल्या पैशांची पावती नसल्याने एसीचे काम आपल्या माणसाने केलेच नाही असे ते म्हणतील ही धास्ती होती, पण मुकादमाने त्या दिवशी माझ्या मोबाइलवर पाठवलेला हिशेब उपयोगी पडला. 9 मे रोजी एसीपोटी 2,000 रुपये खात्यात जमा झाले.

कपाटाबाबत ते हटून आहेत आणि ‘जुने, ओरखडे’ या शेऱ्याची प्रत त्यांनी मला उलट पाठवली. त्यात काय झाले तेही सांगते. कपाटाला लाखेचे पॉलिश आहे. त्यावर बबल रॅप थेट गुंडाळला होता, मध्ये कागद किंवा चादर नव्हती. खोलीचे रंगकाम लांबल्याने ते संक्रांतीपर्यंत पश्चिमेच्या खिडकीशी तसेच उभे राहिले, हे मी नाकारत नाही. उन्हाने पॉलिश मऊ पडले आणि सोडवल्यावर दोन्ही दारांवर बुडबुड्यांचे शेकडो गोल ठसे उमटलेले दिसले. सामान दुसऱ्याच दिवशी सोडवा, एवढी सूचना जाताना कोणी केली असती तरी ते वाचले असते.

पुन्हा हलण्याची वेळ आली तर बांधणी आणि वाहतूक यांच्याकडेच देईन. एसी त्याच्या कंपनीच्या माणसाकडून पावती घेऊन काढवीन, पलंगाला सुतार बोलावीन आणि यादीवर शेरे मारले जात असताना मुकादमाच्या शेजारी उभी राहीन. तांदूळ-डाळींचे डबे भरलेलेच न्यावेत, हा सासूबाईंचा आग्रह मात्र या वेळी मानणार नाही, कारण एका डब्याचे झाकण निघून तूरडाळ खोकेभर झाली होती आणि ती निवडायला त्यांनाच बसावे लागले.

कपाटासाठी जुन्या नाशकातल्या एका पॉलिशवाल्याला दाखवले. वरचा थर घासून नवे पॉलिश करायला तो साडेचार हजार मागतो. दमट हवेत लाखेचे पॉलिश पांढुरके पडते म्हणून पावसाळ्यात हात लावणार नाही असे त्याने सांगितले आणि दसऱ्यानंतरची वेळ दिली. तोवर सासूबाईंनी दोन्ही दारांवर आपले जुने नऊवार पडद्यासारखे सोडले आहे.