कुकीज: पट्टीवरचं बटण, खासगी विंडो, व्हीपीएन की ब्राउझरच बदलायचा?

कुठलीही वेबसाइट उघडा, खालून एक पट्टी वर येते: 'सगळ्या कुकीज स्वीकारा' की 'नाकारा'? रोज विचारतात म्हणून प्रायव्हसीचा मुख्य प्रश्न हाच असावा असं वाटायला लागतं. माझ्या मते हातात असलेल्या निर्णयांपैकी तो सगळ्यात किरकोळ आहे. ज्याने खरा फरक पडतो त्या गोष्टी एकदाच, आणि वेगळ्याच ठिकाणी ठरवायच्या असतात.

आधी हे ठरवा की लपायचंय कुणापासून. तुमच्या वावरावर चौघांची नजर असू शकते: ज्या साइटवर गेलात ती साइट, त्या पानात बसलेल्या जाहिरात कंपन्या, इंटरनेट पुरवणारी कंपनी, आणि तोच कम्प्युटर वापरणारं दुसरं माणूस. एकाला अडवणारा उपाय दुसऱ्याला बहुधा अडवत नाही. बहुतेकांची फसगत होते ती इथेच. जाहिरातवाल्यांना चुकवायला इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची खासगी विंडो, उघडतात आणि कुकीजपासून सुटका म्हणून व्हीपीएनचे (आपली जोडणी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेचे) पैसे भरतात.

कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद, फार तर चार किलोबाइटची. लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत असताना ती आणली, कारण वेबला स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवखे, मग खरेदीची टोपली भरायची कशी? एखादी कुकी उघडून पाहिलीत तर निराशाच होईल. एक नाव, बरोबरच्या चिन्हापुढे अगम्य अक्षरांची लांबलचक माळ, मुदत आणि डोमेन. तुमचं नाव-गाव त्यात क्वचितच असतं. सामानघरातल्या बिल्ल्यावरही नुसता आकडा असतो. सामान कुणाचं ते काउंटरमागच्या वहीत लिहिलेलं असतं.

तुम्ही उघडलेल्या साइटची स्वतःची ती फर्स्ट पार्टी कुकी. लॉगिन, टोपली, भाषेची निवड तिच्यावर चालते. त्याच पानात बाहेरून ओढून आणलेल्या जाहिरातीची, व्हिडिओची किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पिक्सेलच्या चित्राची ती थर्ड पार्टी कुकी. बुटांच्या साइटवर आणि आजारांची माहिती देणाऱ्या साइटवर एकाच कंपनीचा पिक्सेल असला, की दोन्हीकडून तोच आकडा तिच्याकडे पोचतो आणि तिच्या वहीत दोन ओळी शेजारीशेजारी येतात. भांडण आहे ते या दुसऱ्या प्रकाराशी. पहिल्या प्रकारावर राग काढून उपयोग नाही, रोज नव्याने लॉगिन करत बसाल.

स्वीकारा की नाकारा

ही पट्टी युरोपातल्या कायद्यांमुळे आली: २००२ चे ई-प्रायव्हसी निर्देश, त्यांत २००९ मध्ये झालेली दुरुस्ती आणि २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. तेव्हापासून 'सगळं नाकारा' हे बटण पहिल्याच पडद्यावर जास्त ठिकाणी दिसू लागलं. दिसलं तर दाबा, त्यात काही जात नाही.

नसेल तर मात्र 'पर्याय व्यवस्थापित करा' मध्ये काय चालतं ते एकदा पाहण्यासारखं आहे. संमतीचे सगळे खटके बंद असतात, म्हणून बरं वाटतं. शेजारी कित्येकदा 'वैध हितसंबंध' (म्हणजे तुमच्या संमतीशिवायही माहिती वापरता येते असा कंपनीचा दावा) नावाचा दुसरा टॅब असतो आणि तिथे त्याच कंपन्यांचे खटके चालू असतात. कंपन्यांची यादी उघडली तर ती कित्येकदा शेकड्यांत जाते. एवढं सगळं बंद करून 'जतन करा' दाबलंत, तरी साइट ते पाळेल हा भरवसाच आहे, कारण तुमच्या ब्राउझरने स्वतःहून काहीही अडवलेलं नाही. आणि गंमत अशी की तुमचा नकारही कुकीतच साठवला जातो. कुकीज पुसल्या की पट्टी पुन्हा हजर.

असा भरवसा ठेवायचा आणखी एक प्रयोग होऊन गेला. 'डू नॉट ट्रॅक' म्हणजे ब्राउझरने प्रत्येक साइटला केलेली विनंती होती. ती फारशी कुणी मानली नाही, आणि तिचं प्रमाणीकरण करणारा गट जानेवारी २०१९ मध्ये बंद झाला. तिच्या जागी आता 'ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल' हा संकेत आहे. कॅलिफोर्नियासह अमेरिकेच्या काही राज्यांत त्याला कायद्याचं बळ आहे, इतरत्र परिणाम कमी. फायरफॉक्समध्ये तो चालू करता येतो, ब्रेव्हमध्ये आधीपासूनच असतो.

खासगी विंडो, कुकीज पुसणं आणि व्हीपीएन

खासगी विंडो तुम्हाला वाचवते ती तोच कम्प्युटर वापरणाऱ्यांपासून. बंद केली की इतिहास आणि त्या विंडोतल्या कुकीज जातात. साइटला, इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसतच राहता. क्रोमच्या इन्कॉग्निटोवरून गूगलविरुद्ध २०२० मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला, २०२४ मध्ये तडजोड झाली, गूगलने गोळा केलेल्या नोंदी नष्ट करायचं मान्य केलं आणि त्या विंडोतली सूचनाही बदलली. भेटवस्तू शोधायला किंवा दुसऱ्याच्या कम्प्युटरवर आपला मेल पाहायला ती उत्तम आहे. लपून फिरायचं साधन म्हणून नाही.

वारंवार कुकीज पुसत बसण्यापेक्षा खासगी विंडो बरी, कारण पुसण्यात लॉगिनही जातात आणि थर्ड पार्टी कुकीज पुढच्याच पानावर परत बसतात.

व्हीपीएनचा तर या विषयाशी संबंधच कमी. तो साइटपासून तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) लपवतो आणि इंटरनेट पुरवणाऱ्यापासून तुम्ही कुठे जाता ते लपवतो. ब्राउझर तोच राहिला तर त्यातली कुकी व्हीपीएनमधूनही जशीच्या तशी जाते. देश बदलला तरी आकडा तोच. शिवाय जे आधी इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसायचं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. अनोळखी वायफायवर किंवा पुरवठादारावरच विश्वास नसेल तेव्हा जरूर घ्या. जाहिरातींचा पाठलाग थांबवायला म्हणून घेऊ नका.

खरी निवड: ब्राउझर

काहीही न बदलता, नुसता बसवला तसा वापरला तर कुठला ब्राउझर थर्ड पार्टी कुकीज अडवतो? बहुतेक लोक सेटिंग्ज उघडत नाहीत, म्हणून तुलना याच कसोटीवर करायला हवी.

क्रोम अडवत नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की दोन वर्षांत या कुकीज बंद करू. मग मुदत २०२३ झाली, मग २०२४. जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का वापरणाऱ्यांसाठी त्या बंदही केल्या, जुलैमध्ये तो बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की निवड विचारणारी वेगळी सूचनाही दाखवणार नाही. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीच्या ब्राउझरकडून दुसरी अपेक्षाही नव्हती, असं म्हणणाऱ्यांत मी आहे. पण हेही खरं की ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला उलटीच चिंता होती, की कुकीज गेल्या तर छोट्या जाहिरात कंपन्या मरतील आणि गूगल आणखी बलवान होईल. क्रोम सोडायचाच नसेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी आणि सुरक्षा'खाली थर्ड पार्टी कुकीज ब्लॉक करायचा पर्याय आहे. मिनिटभराचं काम आहे, आणि पट्टीवरच्या शेकडो 'नाकारा'पेक्षा जास्त फळ देतं.

सफारी मार्च २०२० पासून त्या सरसकट अडवतो. एक पायरी पुढे जाऊन, पानातल्या स्क्रिप्टने (पानाबरोबर येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) लिहिलेल्या फर्स्ट पार्टी कुकीची मुदतही तो सात दिवसांवर आणतो, कारण ट्रॅकरवाले साइटच्याच नावाने कुकी लिहायला शिकले होते. अॅपलची उपकरणं वापरत असाल तर इथे बदल करायची फारशी गरज नाही. नसाल तर तो मिळणारही नाही.

फायरफॉक्सचा मार्ग मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. ओळखीच्या ट्रॅकरांना तो सप्टेंबर २०१९ पासून आपणहून अडवतो, आणि जून २०२२ पासून कम्प्युटरवर प्रत्येक साइटसाठी कुकीजची वेगळी बरणी ठेवतो. बुटांच्या साइटवरच्या पिक्सेलने कुकी ठेवली तर ती बुटांच्या बरणीत. आजारांच्या साइटवर तोच पिक्सेल आला तर त्याला ती बरणी दिसतच नाही, त्याला नवा आकडा मिळतो. दोन ओळी शेजारी येत नाहीत. कुकी पूर्ण अडवलेली नसल्याने साइट मोडायचं प्रमाणही कमी. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगल सर्चच्या करारातून येतो, ही विसंगती मात्र जमेला धरावी.

ब्रेव्ह आतून क्रोमसारखाच आहे, त्यामुळे क्रोमची सवय असलेल्याला काही शिकावं लागत नाही. थर्ड पार्टी कुकीज आणि ट्रॅकर तो पहिल्यापासून अडवतो. पण क्रिप्टोचं वॉलेट आणि स्वतःची जाहिरात योजनाही बरोबर येते. काही क्रिप्टो साइटचे पत्ते टाइप केल्यावर त्यांत तो कमिशन मिळवून देणारा स्वतःचा रेफरल कोड जोडत असल्याचं २०२० मध्ये उघड झालं आणि ते ब्रेव्हला बंद करावं लागलं.

टॉर ब्राउझर वेगळ्या जातीचा. तुमची जोडणी एकामागोमाग तीन सर्व्हरमधून नेतो, बंद केला की सगळं पुसतो आणि सगळे वापरणारे शक्य तितके एकसारखे दिसतील असं बघतो. त्याची किंमत वेग आणि जागोजागी 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा'. पत्रकार, तक्रारदार, जिवाला धोका असलेला माणूस यांच्यासाठी तो आहे. रोजच्या बँकेच्या कामासाठी नाही.

कुकीच नसली तर?

कुकी अडवली की कंपन्या गप्प बसतात असं नाही. पडद्याचा आकार, फाँट, टाइम झोन, ग्राफिक्स कार्ड चित्र कसं काढतं, अशा बारीक खुणा जोडून ब्राउझरचा ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या २०१० च्या अभ्यासात सुमारे ८४ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. (तिथे तपासायला आलेले लोक मुळातच या विषयातले होते, तेवढी सूट द्यावी.) या ठशाविरुद्ध टॉर सगळ्यांना सारखं करतो, ब्रेव्ह खुणांत थोडा गोंधळ मिसळतो. फायरफॉक्स आणि सफारी काही खुणा झाकतात, पण या दोघांइतक्या जोरात नाही.

इथे ब्लॉकर कामाला येतो. ब्राउझरला जोडायचा यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर ट्रॅकरची स्क्रिप्ट उतरूच देत नाही. स्क्रिप्ट नाही तर कुकीही नाही आणि तिने घेतलेला ठसाही नाही. फायरफॉक्समध्ये तो पूर्ण ताकदीने चालतो, अँड्रॉइडवरसुद्धा. क्रोमने अशा जोडणींचे (एक्स्टेन्शनचे) नियम बदलल्यापासून तिथे फक्त त्याची 'लाइट' आवृत्ती उरली आहे. चालते, पण हात बांधलेली. त्याच्यावर आणखी दोन-तीन ब्लॉकर चढवू नका. साइट मोडल्या की दोष कुणाचा ते कळत नाही आणि माणूस कंटाळून सगळेच काढून टाकतो.

आणि या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे लॉगिन. ईमेल देऊन आत शिरलात की त्या साइटला तुम्हाला ओळखायला कुकीची गरज नाही, आणि दोन कंपन्या एकाच ईमेलवरून आपापल्या याद्या जुळवू शकतात. त्यामुळे एकदाच लागणाऱ्या खात्याला खरा ईमेल देऊ नका. फायरफॉक्स रिले किंवा अॅपलचं 'हाइड माय ईमेल' यासाठी टोपणपत्ते देतं.

मग कुणी काय घ्यावं

फार डोकं घालायचं नसेल तर: अॅपलवाल्यांनी सफारी आहे तसा ठेवावा, बाकीच्यांनी फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन. क्रोमची सवय मोडवत नसेल किंवा ऑफिसच्या साइट तिथेच नीट चालत असतील तर ब्रेव्ह, नाहीतर क्रोममध्येच थर्ड पार्टी कुकीज बंद. एखादं पेमेंटचं पान किंवा दुसऱ्या कंपनीचं लॉगिन अडलं, तर पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्याच साइटला सूट द्या, सगळं संरक्षण काढू नका. ज्याच्या अडचणीचं कारण एकाच कम्प्युटरवरची माणसं आहेत त्याने यातलं काहीच न बदलता कम्प्युटरवर वेगळं यूजर खातं उघडावं, ते खासगी विंडोपेक्षा पक्कं.

फोनवर मात्र आणखी एक दार उघडं राहतं. अॅपमधला पाठलाग कुकीवर नाही, फोनच्या जाहिरात आयडीवर (जाहिरातवाल्यांसाठी फोनला दिलेल्या क्रमांकावर) चालतो. आयफोनवर एप्रिल २०२१ मधल्या आयओएस १४.५ पासून अॅपला तो मागावा लागतो, तिथे नाही म्हणा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये तो आयडी काढून टाकायची सोय आहे. आणि एखाद्या अॅपमध्ये लिंकवर टॅप केल्यावर पान त्या अॅपच्याच पोटात उघडलं, तर तुम्ही निवडलेल्या ब्राउझरचं संरक्षण तिथे लागू होईलच असं नाही. मेनूमधून 'ब्राउझरमध्ये उघडा' निवडा.