लॉन मोव्हर धूर सोडत असेल तर उद्यमबागकडच्या मेस्त्रींकडे न्या

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटातून उद्यमबागच्या दिशेला निघालं की लहान इंजिनांच्या दुरुस्तीचं एक एकगाळी दुकान लागतं. बोर्डावर वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली मराठी. बाहेर स्प्रे पंप, पॉवर वीडर, जनरेटर ओळीनं लावलेले. नाव लिहू नका असं मेस्त्रींनीच सांगितलंय, पावसाळ्यात आहे तीच गर्दी त्यांना आवरत नाही. पण त्यांच्या कामाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी येळ्ळूर रोडला लहान नर्सरी आहे. जोडीला टिळकवाडी, हिंदवाडीतल्या बंगल्यांच्या लॉनची देखभाल आम्ही करतो. मृग लागल्यापासून बेळगावात गवत थांबत नाही. त्या दिवसांत मोव्हर बंद म्हणजे माझ्याकडच्या दोन पोरांची मजुरी बंद. आमचं मशीन चार स्ट्रोकचं, पेट्रोलवर चालणारं. एका ठिकाणी सर्व्हिसिंग करून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी दोरी ओढताक्षणी निळसर पांढऱ्या धुराचा लोट. बंगल्यातल्या आजी खिडक्या लावून घेऊ लागल्या. परत तिथंच नेलं तर मशीन न उघडताच, ‘बोअर गेलाय, नवीन इंजिन टाका,’ असं उत्तर मिळालं. बोअर गेला म्हणजे सिलिंडर आतून झिजला. नवीन इंजिन म्हणजे आमची अख्ख्या हंगामाची कमाई.

या मेस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. “धूर कधी येऊलालाय अक्का? चालू करताना, की गवतात घातल्यावर?” “रंग कसला?” “आणताना कुठल्या अंगावर निजवून आणला?” काळा धूर असता तर त्यांनी आधी चोक आणि एअर फिल्टर बघितला असता. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. निळसर पांढरा म्हणजे तेल जळतंय. आणि तेल जळतंय म्हणजे पिस्टनच्या रिंगाच गेल्या असं लगेच धरायचं नाही, हे त्यांनी मला समोर बसवून दाखवलं.

आधी तेलाची पट्टी काढून पुसली, आटे फिरवून पूर्ण बसवली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर. काही कंपन्यांची पट्टी नुसती टेकवून बघायची असते, आमच्या इंजिनाची मात्र आवळूनच बघायची. नुसती टेकवली की पट्टी खोल जात नाही, तेल कमी दिसतं आणि माणूस आणखी ओततो. सर्व्हिसिंगला हेच झालं असणार, असं त्यांचं म्हणणं. या इंजिनात जेमतेम सहाशे मिली तेल मावतं, त्यामुळे थोडं जास्तीसुद्धा बाधतं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ते तेल घुसळतो, त्याची वाफ ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, एअर फिल्टरकडे जाते, तिथून कार्बोरेटरमधून आत शिरते आणि जळते. फिल्टरचा कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला, तेलानं निथळत होता.

मग त्यांनी पट्टी नाकाशी धरली. मला आधी कळेना. कार्बोरेटरची फ्लोट सुई, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, नीट बसत नसेल तर मशीन उभ्या उभ्या पेट्रोल झिरपून तेलात उतरतं. पट्टीवर पातळी वाढलेली दिसते, पण तेल पातळ झालेलं असतं आणि वंगण मिळत नाही. तसं असतं तर नुसतं तेल बदलून काहीच साधलं नसतं. आमच्या तेलाला पेट्रोलचा वास नव्हता. शेवटी प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं, ते चांगलं भरलं. बोअर, रिंगा शाबूत. ते ऐकून माझ्या जिवात जीव आला.

काम म्हणाल तर एवढंच: सगळं तेल काढून नवीन मोजून घातलं, ब्रीदर साफ केला, फिल्टर नवा, प्लग पुसून बसवला. चालू केल्यावर सुरुवातीला धूर आलाच. मी घाबरले, पण त्यांनी आधीच सांगितलं होतं की सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळून जाईपर्यंत येणार. हळूहळू विरळ झाला आणि थांबला. मजुरी साडेतीनशे, फिल्टर आणि तेलाचे पैसे वेगळे. जुना फिल्टर पिशवीत घालून परत दिला. हे मला फार आवडलं, काय बदललं ते गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दिसतं.

पाठीवरचा टू स्ट्रोक ब्रश कटरही त्यांच्याकडेच दाखवला. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणून थोडा धूर राहणारच. आमच्या कंपनीचं माप ५०ला १, म्हणजे लिटरला २० मिली टू टी तेल. पोरं अंदाजानं ओतायची. मेस्त्रींनी खुणा केलेली एक बाटली दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.

आता उणं. जुलैत गेलात तर मशीन आठवडाभर तिथंच राहील, आणि कधी होईल हे फोनवर नीट सांगत नाहीत. जाऊनच बघावं लागतं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. कमी खपाच्या कंपनीचे पार्ट ते ठेवत नाहीत, बाहेरून मागवतात. बोअरिंग, होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापायचं-घासायचं काम असेल तर उद्यमबागेतल्या वर्कशॉपला पाठवतात, त्याचा दर वेगळा. तो दर आधी विचारून घ्या. आणि गर्दीत एकच पोरगा मदतीला असतो, तो नवीन आहे. शक्यतो मेस्त्री स्वतः असताना जा.

तरीही खानापूर, नंदगडकडच्या लोकांनीसुद्धा वाट वाकडी करून यावं असं हे दुकान आहे. मे महिन्यातच दाखवलंत तर दोन दिवसांत मिळतं.

टेम्पोत मशीन आडवं टाकायची वेळ आलीच तर प्लगची बाजू वर राहू दे. एअर फिल्टर आणि कार्बोरेटर खाली गेले की तेल तिकडं उतरतं आणि दुकानात पोचेपर्यंत धुराचं आणखी एक कारण तयार होतं. टाकीतलं पेट्रोल घरीच काढून ठेवा, भरलेल्या टाकीचं मशीन ते रात्री दुकानात ठेवून घेत नाहीत.