पाव किलोच्या प्लेट्स: ३० किलोवर अडकलेल्या शोल्डर प्रेससाठी

आधी वस्तू काय आहे ते सांगते. ऑलिम्पिक, म्हणजे जाड टोकाच्या रॉडवर बसणाऱ्या बारक्या प्लेट्सचा सेट. पाव, अर्धा, पाऊण आणि एक किलो, प्रत्येकी दोन. सगळं मिळून पाच किलो लोखंड. किंमत १,८५० रुपये, कुरिअरचे १४० वेगळे. जालंधरच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला. दिवाळीनंतर घेतला आणि आता पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा नव्या नवलाईत लिहितेय असं समजू नका.

मी सांगलीत एका सहकारी बँकेत आहे, वय ४६. पहाटे जिम, मग डबा, मग बँक. स्क्वाट (रॉड खांद्यावर घेऊन उठबस) आणि डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलणं) हळूहळू वाढत होते, पण उभ्याने रॉड डोक्यावर ढकलायचा शोल्डर प्रेस ३० किलोला पाच रेप्सवर, म्हणजे सलग पाच वेळांवर, जो बसला तो उठायलाच तयार नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. ती दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. स्क्वाटला ७० चे ७५ केले तर वाढ सात टक्के, पाय ती सोसतात. प्रेसला ३० चे ३५ म्हणजे आहे त्याच्या एक षष्ठांश वजन एका दमात जास्त. खांद्यांनी ते कुठून आणायचं?

यावर सगळे सांगतात की आधी रेप्स वाढवा, मग वजन. बरोबर आहे, पण जरा हिशेब करून बघा. एप्ली नावाच्या प्रशिक्षकाचं एक सूत्र आहे: वजन गुणिले (१ अधिक रेप्स भागिले ३०), म्हणजे एका रेपला जास्तीत जास्त किती उचलेल याचा अंदाज. ३० किलो पाच वेळा जाणाऱ्याचा आकडा येतो ३५. म्हणजे ३५ एकदाच जाईल, तेही जीव काढून. ३५ पाच वेळा जायचे असतील तर ४१ च्या आसपास ताकद लागते, आणि तिथे पोचायला ३० किलो सलग अकरा वेळा जायला हवेत. पाचाचे अकरा! या मधल्या पट्ट्यात माणसं महिनोन्महिने कुजतात आणि 'माझी बॉडीच अशी आहे' म्हणून मोकळी होतात. बायकांना हे जास्त भोवतं, कारण मुळात आकडे लहान. त्यातून वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांचा रॉड १५ किलोचा असतो, जिममध्ये मात्र सगळ्यांना एकच, २० किलोचा.

आमचा ट्रेनर पोरगा गुणी आहे, पण त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर दोनच औषधं. 'ताई, प्रोटीन वाढवा' नाहीतर 'टाका की ओ ३५, मी हाय मागं.' तो मागे असतो हे खरं, आणि अर्धं वजन तोच उचलतो हेही खरं. असल्या रेप्स मी वहीत मांडत नाही.

तर प्लेट्स. पाव किलोची प्लेट बशीएवढी, जाडी जेमतेम साडेचार मिलिमीटर. वर काळा पावडर कोट, आकडे स्टिकरवर. स्टिकर महिन्याभरात घामाने निघाले आणि कोट कडेला उडाला. या पैशात आकडा लोखंडातच कोरून द्यायला काय हरकत होती? पॅकिंगही यथातथाच. खोका एका कोपऱ्यात फाटून एक प्लेट बाहेर डोकावत होती, कुरिअरवाल्याने ती वेगळी हातात दिली. विक्रेत्याला फोटो पाठवला तर 'प्रॉडक्ट ओके आहे ना मॅडम?' एवढंच उत्तर आलं. होतं ओके.

वजनं खरी आहेत का, हा माझा मोठा प्रश्न होता. मावसभावाचं सराफ कट्ट्याजवळ चांदीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना पिशवी घेऊन गेले. त्याने काट्यावर प्लेटा ठेवल्या आणि 'अक्का, घडणावळ किती लावू?' म्हणून खिदळला. पाव किलोच्या भरल्या २४६ आणि २६३ ग्रॅम, अर्ध्याच्या ४९८ आणि ५०७, पाऊणच्या ७४४ आणि ७५२, एक किलोच्या १००४ आणि १०११. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगच्या नियमात पाच किलो आणि त्याखालच्या प्लेटला १० ग्रॅम जास्त चालतात, कमी एकही नाही. त्या मापाने यातल्या निम्म्याहून अधिक नापास. पण आपण काय राष्ट्रकुल स्पर्धेला चाललोय का? दोन्ही बाजूंत १७ ग्रॅमचा फरक खांद्याला कळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. जिमवाल्यांना विचारून त्यांच्याही पाच किलोच्या चार प्लेट्स मी त्याच काट्यावर नेल्या होत्या. सगळ्यात हलकी ४ किलो ८१० भरली आणि सगळ्यात जड ५ किलो १६०. साडेतीनशे ग्रॅमचा फरक! म्हणजे आज हलकी जोडी हाती लागली आणि उद्या जड, तर आपण मोजून मापून चढवलेला अर्धा किलो त्यातच वाहून जातो, आणि वर आपण म्हणणार, 'आज दमच नव्हता.' म्हणून त्यातल्या जवळजवळ सारख्या भरलेल्या दोन प्लेट्सवर, मधल्या भोकाच्या कडेला, लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. प्रेसच्या दिवशी त्याच दोन घ्यायच्या आणि रॉडही दाराजवळच्या रॅकमधलाच. जिमच्या प्लेट्स खऱ्या भरतात की खोट्या याने काही बिघडत नाही, त्या दर वेळी त्याच असल्या म्हणजे झालं. हे करणार नसाल तर या सेटवर पैसे घालू नका.

वापर सोपा आहे. पाचही रेप्स स्वच्छ गेल्या, कंबर मागे वाकली नाही, तर पुढच्या वेळी पाव-पाव किलो, म्हणजे एकूण अर्धा. नाही गेल्या तर तेच वजन पुन्हा. सुरुवातीला पोरं हसली. 'काकू, अर्ध्या किलोनं काय होतंय?' मी म्हटलं, सांगलीत राहून हे विचारता? २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरची बेरीज २४८ किलो आणि मलेशियाच्या खेळाडूची २४९. ५५ किलो गटातलं सोनं एका किलोने गेलं, तेही कोपर दुखावल्यावर. त्या खेळात २००५ पासून एक-एक किलोने वजन चढवता येतं, आणि आपण जिममध्ये पाच-पाचच्या उड्या मारायच्या! आता त्या पोरांतलाच एक जण बेंच प्रेससाठी (आडवं पडून रॉड वर ढकलायचा) माझ्याकडून अर्ध्या किलोची जोडी मागून नेतो आणि परत द्यायला विसरतो.

फेब्रुवारी सरता सरता ३५ किलो पाच वेळा गेले, मागे कोणी उभं नसताना. ३६ वर पुन्हा गाडी अडली, आणि तिथे या प्लेट्सचा काडीइतका उपयोग झाला नाही. मार्चएन्ड होता. रात्री नऊ-नऊपर्यंत बँकेत, जेवणाच्या नावाखाली वडापाव, झोप पाच तास. अशा वेळी पाव किलो काय, नुसता रॉडही जड लागतो. एप्रिलात १० टक्के उतरवून ३२ वर आले, दोन-तीन आठवडे तिथेच रमले, मग एक-एक किलोने वर चढले. सध्या ३७ आहे. तुमचं वजन झोपेमुळे, खाण्यामुळे किंवा रोज उठून तेच-ते केल्यामुळे अडलं असेल तर १,८५० रुपयांची पनीर-अंडी आणा.

डेडलिफ्ट आणि स्क्वाटला हा सेट लागत नाही. प्रेस, बेंच आणि फार तर रोइंगला (वाकून रॉड पोटाकडे ओढणं). पाऊण किलोची जोडी मी अजून एकदाही लावलेली नाही. पाव अधिक अर्धा केलं की पाऊण होतंच. विक्रेत्याने तिच्याऐवजी पाव किलोची आणखी एक जोडी दिली असती तर बरं झालं असतं.

स्वस्तातले पर्याय? मनगटाला बांधायची अर्ध्या किलोची वजनं रॉडला गुंडाळून पाहिली; ती फिरतात आणि लक्ष तिकडेच जातं. चुंबकाच्या प्लेट्स लोखंडी डंबेलला ठीक, रबरी डंबेलला चिकटत नाहीत. चांगला पर्याय लेझर कटिंगचा. आमच्याकडे कुपवाड एमआयडीसी आहे, तुमच्या गावाजवळही असा कोणी असेल. ६ मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्यातून बाहेरचा व्यास १२७ आणि भोक ५१ मिलिमीटर अशी चकती कापली की बरोबर अर्धा किलो भरते. तोच व्यास ३ मिलिमीटरच्या पत्र्यात घेतला की पाव किलो. चार चकत्यांसाठी मशीन लावायला कुणी पटकन तयार होत नाही, म्हणून जिममधल्या दोघातिघांनी मिळून ऑर्डर द्यावी. कडा घासून घ्या, नाहीतर हात कापेल.

पाचपैकी साडेतीन देते. दीड गेला तो स्टिकर, पॅकिंग आणि त्या २६३ ग्रॅमच्या प्लेटचा.

मागवण्याआधी रॉडचं टोक मोजा. हा सेट ५० मिलिमीटरच्या टोकाचा आहे. घरच्या जिमचे आणि बऱ्याच लहान व्यायामशाळांचे साधे रॉड २८ मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यावर या प्लेट्स घुंगरासारख्या वाजत लोंबतील. परत पाठवायची सोय आहे, पण पाच किलोचं कुरिअर आपल्या खर्चाने.