जीएक्स३५ इंजिनाचा ग्रास कटर: चांगला, पण पेट्रोल शिळं चालत नाही

कोकणात पावसाळ्यात रान काढायला होंडाच्या जीएक्स३५ इंजिनाचा कटर उत्तम. फोर-स्ट्रोक, ३५.८ सीसी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. ऑइल वेगळं, जेमतेम १०० मिली. पण दिवाळीला पेट्रोलसकट कोपऱ्यात ठेवलात, तर जूनमध्ये दोरी ओढून खांदा जातो, मशीन हूं की चूं करत नाही. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं, कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबतं.

टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घाला, कार्बोरेटरजवळचा रबरी फुगा आठ-दहादा दाबा, मग चोक लावून दोरी ओढा. तरी ढिम्म? स्पार्क प्लग काढा. ओला असेल तर चोक जास्त झाला. पुसा, चोक उघडून ओढा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही. आधी टाकीतला फिल्टर, मग जेट; त्यात पिन मात्र घालू नका. प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी.